अग्नीलाच साकडें : क्योतोच्या आतागो डोंगराची यात्रा

जपानची जुनी राजधानी जी क्योतो नगरी, तिच्यांतील एखाद्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरांत डोकावल्यास चुलीच्या वरच्या बाजूस भिंतीवर चिकटविलेली एक लांबट कागदाची पट्टी बहुधा दृष्टीस पडते. वर्षभराच्या धुरानें ती पिंगट झालेली असते, कडांस तेलाचा ओशटपणा आलेला असतो, आणि तरीहि घरांतील कोणी ती काढून टाकण्याचें मनांत आणीत नाहीं. उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांतहि तीच पट्टी आढळते. तिच्यावर चार मोठीं चिनी अक्षरें छापलेलीं असतात. परक्या मनुष्यास वाटावें, हा कांहीं गूढ मंत्र असेल आणि त्याच्या प्रभावानें आग घराकडे फिरकत नसेल. वस्तुतः त्या अक्षरांचा अर्थ अगदीं रोखठोक आहे : ‘विस्तवाविषयीं सावध असा.’

हें वाक्य जपानांत सर्वांच्या तोंडीं आहे. हिंवाळ्याच्या रात्रीं लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटीत गल्लींतून फिरणारे गस्तवाले हेंच ओरडत जातात. मात्र नेहमींच्या लेखनांत या वाक्याचें शेवटचें अक्षर ‘मन’ या अर्थाचें असतें. चुलीवरच्या कागदावर त्याच्या जागीं त्याच उच्चाराचें, पण ‘जपून वागणें, स्वतःस आवरणें’ या अर्थाचें निराळें अक्षर घातलेलें असतें. देवाच्या घरून आलेल्या कागदावर अभयवचन असावें अशी आपली समजूत. येथें ताकीद आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे ज्या डोंगरावरून हा कागद येतो, त्या डोंगराच्या यात्रेचा अर्थ हळूहळू उलगडूं लागतो.

तो डोंगर म्हणजे आतागो. क्योतोच्या वायव्येस तो उभा असून त्याची उंची ९२४ मीटर, म्हणजे सुमारें तीन हजार फूट आहे. नगराच्या ईशान्येस हिएइ पर्वत आहे. तेथें बौद्धांचें प्राचीन विद्यापीठ असल्यामुळें ग्रंथांतून त्याचेंच नांव अधिक ऐकूं येतें. पण उंचींत आतागो सरस आहे. याविषयीं क्योतोचे लोक एक गमतीची कथा सांगतात. दोघां डोंगरांत उंचीवरून भांडण जुंपलें, हिएइनें चिडून आतागोच्या माथ्यावर तडाखा हाणला, आणि त्यामुळें जें टेंगूळ आलें त्याच्या बळावर आतागो कायमचा उंच ठरला! शिखरावरील मंदिर शिंतो धर्माचें आहे. शिंतो म्हणजे ‘देवांचा मार्ग’. जपानी लोकांचा हा मूळचा धर्म. देशांत ठिकठिकाणीं आतागो देवाचीं सुमारें नऊशें मंदिरें आहेत, आणि त्या सर्वांचें मूळपीठ हेंच मानलें जातें.

या देवाची एवढी मातबरी कां वाढली, हें समजण्यास क्योतोची बांधणी डोळ्यांपुढें आणली पाहिजे. खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, भिंती बांबूच्या कामट्यांवर माती लिंपून केलेल्या, मधले सरकते पडदे कागदाचे, जमिनीवर गवताच्या चटया, आणि एका घराचा वांसा दुसऱ्या घरास टेकलेला. अशा नगरांत एक ठिणगी म्हणजे एका घराचा प्रश्न नसे. ११७७ सालीं लागलेल्या आगीचें वर्णन कामो नो चोमेइ या लेखकानें आपल्या ‘होजोकी’ या छोट्या ग्रंथांत करून ठेवलें आहे. ती आग त्यानें तारुण्यांत पाहिली आणि १२१२ सालीं, संन्यस्त होऊन पर्णकुटींत राहत असतां, लिहून काढली. सोसाट्याचा वारा होता, नगराच्या आग्नेयेस आग लागली, आणि वायव्येकडे पसरत एका रात्रींत राजवाड्याच्या दरबारासह राजधानीचा तिसरा हिस्सा खाऊन गेली.

लोकांनीं या आगीस ‘तारोची आग’ असें नांव दिलें. तारोबो हा आतागो डोंगरावर राहणारा तेंगू. तेंगू म्हणजे पंख असलेला, अरण्यवासी, खोडकर आणि प्रसंगीं भयंकर असा एक पिशाचवर्ग. दुसऱ्याच वर्षीं पुनः मोठी आग लागली, तेव्हां तिला ‘जिरोची आग’ म्हणूं लागले. तारो हें थोरल्या मुलाचें नांव, जिरो हें दुसऱ्याचें. ज्या नगरांत आगींना घरांतल्या मुलांप्रमाणें अनुक्रमानें नांवें पडतात, त्या नगरास अग्नीचा किती निकट परिचय असला पाहिजे! पुढें १७८८ सालीं कामो नदीच्या पूर्वेकडील एका घरांत पेटलेली आग नदी ओलांडून पश्चिमेस आली आणि सम्राटाच्या वाड्यासह सुमारें सदतीस हजार घरें तिनें भस्मसात केलीं. १८६४ मध्यें राजवाड्याच्या दाराशीं झालेल्या लढाईनंतर नगर पुनः पेटलें, त्यांत सुमारें सत्तावीस हजार घरें गेलीं.

आग ज्या डोंगरावरील भुताच्या नांवावर घातली, त्याच डोंगराकडे आगीपासून रक्षण मागावयास जावयाचें, यांत वरवर पाहतां विसंगति दिसते. परंतु त्या देवाची जन्मकथा ऐकली म्हणजे ती उरत नाहीं.

‘कोजिकी’ हा जपानचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ ७१२ सालचा. त्यांत इझानागी व इझानामी या आदि-दंपतीची कथा आहे. त्यांनीं बेटें जन्मास घातलीं, वारा, वृक्ष, पर्वत यांचे देव जन्मास घातले, आणि मग इझानामीच्या पोटीं कागुत्सुची, म्हणजे अग्नि, जन्मला. जन्मतांच त्यानें आईला भाजलें. ती आजारी पडली आणि त्यांतच मरण पावून पाताळांत गेली. शोकानें वेडावलेल्या पित्यानें त्या अर्भकाचा तलवारीनें वध केला. त्याच्या रक्ताच्या थेंबांतून व देहाच्या खंडांतून पुनः अनेक देव निर्माण झाले. भारतीय वाचकास हें सर्वस्वीं परकें वाटूं नये. ऋग्वेदांतहि अग्नि जन्मतांच आपल्या मातापित्यांस खाऊन टाकतो अशी कल्पना आलेली आहे. तेथील मातापितरें म्हणजे ज्यांच्या घर्षणानें तो निघतो त्या दोन अरणी. एकानें दुसऱ्याकडून कथा उचलली असें मानण्याचें कारण नाहीं. ज्यानें ज्यानें लांकूड घासून विस्तव पाडला असेल, त्याला हें दिसलेंच असेल. ‘आतागो’ या नांवाची एक व्युत्पत्ति तर ‘वैरी पुत्र’ अशीच करतात.

आणि विशेष हें कीं, आतागोच्या शिखरावर मुख्य गाभाऱ्यांत स्थापना आहे ती इझानामीची, त्या भाजलेल्या मातेची. अग्निदेव कागुत्सुची आहे तो ‘वाकामिया’ म्हणजे बालदेवाच्या निराळ्या मंदिरांत. मुलगा दांडगा निघाला तरी त्याला आईच्या अंगणांतच ठेवलेला आहे.

या आईविषयीं आणखी एक कथा राजदरबारच्या जुन्या प्रार्थनांत आढळते. ९२७ सालीं पुऱ्या झालेल्या ‘एंगिशिकी’ या विधिसंग्रहांत अग्निशमनाची एक प्रार्थना आहे. राजवाड्याच्या चार कोपऱ्यांवर अग्नि पाडून ती म्हणत असत. तींत सांगितलें आहे कीं, पाताळाच्या वाटेवर असतां इझानामीस आठवण झाली, आपण वर एक दुष्ट बुद्धीचें मूल सोडून आलों. ती परतली आणि तिनें आणखी चार वस्तूंना जन्म दिला : पाणी, भोपळा, नदींतलें शेवाळ आणि माती. पोर पिसाळलें तर यांनीं त्याला शांत करावें, असें सांगून ती गेली. भोपळा कशाला, असा प्रश्न कोणास पडल्यास त्यानें आपल्याकडील कमंडलूची आठवण करावी. वाळलेला भोपळा हें पाणी भरून घेण्याचें सर्वांत जुनें भांडें. पाणी, तें ओतण्याचें पात्र, विस्तव दडपण्यास माती आणि ओलें शेवाळ. पुराणकथेच्या वेषांत ही आग विझविण्याच्या सामानाची यादीच नव्हे काय? क्योतोच्या जुन्या वस्त्यांत दारापुढें पाण्यानें भरलेल्या तांबड्या बादल्या अजूनहि मांडून ठेवलेल्या दिसतात, त्या याच यादींतल्या. आतागोच्या मुख्य मंदिरांतहि इझानामीच्या शेजारीं हानियामाहिमे ही मातीची देवी बसलेली आहे.

आतां प्रत्यक्ष वाटेला लागावयास हरकत नाहीं. नगराच्या पश्चिमेस सागा म्हणून भाग आहे. तेथील तोरीइमोतो या वस्तींत आतागोची पहिली ‘तोरी’ उभी आहे. दोन खांब व वर आडव्या तुळया अशी ही शिंतो मंदिराची कमान. येथून देवाची हद्द सुरू झाली असें समजावयाचें. तांबड्या तोरीच्या पायथ्याशीं शेवाळलेल्या गवती छपरांचीं दोन जुनीं चहागृहें आहेत. यात्रेकरूंना नदींतील आयू नांवाचे मासे भाजून वाढण्याची त्यांची ख्याति आहे. तेथून कियोताकी या नदीकांठच्या खेड्यापर्यंत मोटार जाते. मध्यें एक अरुंद बोगदा लागतो; त्यांतून एका वेळीं एकाच दिशेची गाडी जाऊं शकते, म्हणून दिव्याच्या इशाऱ्याची वाट पाहत थांबावें लागतें. या बोगद्याचा इतिहास पुढें येईल.

कियोताकीचा पूल ओलांडला कीं चढ सुरू होतो, आणि तो पहिल्याच पावलापासून सुरू होतो. चार-साडेचार किलोमीटरांच्या वाटेंत आठशें मीटरांहून अधिक चढावें लागतें. धडधाकट मनुष्यास दोन तास, इतरांस तीन. लाकडाचे ओंडके व दगड बसवून केलेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंस सीडर वृक्षांची दाटी, मधून मधून झिजलेले मैलाचे दगड. यांना मैलाचे म्हणावयाचें तें केवळ आपल्या संवयीनें. ते दर ‘चो’ला एक, म्हणजे सुमारें १०९ मीटरांवर एक असे उभे आहेत, आणि ही ‘पन्नास चोंची वाट’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांच्या जोडीला आतां गांवच्या अग्निशामक स्वयंसेवकांनीं चाळीस फलक लावले आहेत. प्रत्येकावर आगीविषयीं कांहीं ना कांहीं सूचना असते, आणि चाळिसांपैकीं कितवा टप्पा झाला तें लिहिलेलें असतें. दमलेल्या यात्रेकरूचें लक्ष सूचनेपेक्षां आंकड्याकडेच अधिक जातें हें उघड आहे. तरी ज्या मंडळींना प्रत्यक्ष आगीशीं झुंजावें लागतें त्यांनींच ही देवाची वाट मोजून द्यावी, हें शोभणारें आहे.

पूर्वीं या वाटेवर चहाचीं दुकानें होतीं. आतां त्यांचीं जोतीं तेवढीं राहिलीं आहेत. अशाच एका जागेवरून मातीच्या लहान पणत्या दरींत भिरकावण्याचा खेळ चाले. कुग्रह टाळण्याचा हा एक उपाय. जपानांत ‘राकुगो’ म्हणून बसल्या जागीं विनोदी गोष्ट सांगण्याची कला आहे, तिच्यांत ‘आतागोयामा’ ही एक गाजलेली गोष्ट आहे. कोणी धनिक पणत्यांऐवजीं सोन्याचीं नाणीं फेकतो. त्याचा खुषमस्कऱ्या छत्री उघडून दरींत उडी घेतो, नाणीं गोळा करतो, बांबू वांकवून त्याच्या झोंक्यानें परत वर येतो, आणि मग त्याच्या ध्यानांत येतें कीं नाणीं खालींच राहिलीं! देवाच्या वाटेवर अशी चेष्टा चालते याचें त्या लोकांना कांहीं वाटत नाहीं. उलट ही गोष्ट ठाऊक नसलेला यात्रेकरू विरळा.

वर जातां जातां मिझुओ खेड्याकडून येणारी वाट डावीकडून येऊन मिळते. मिझुओ हें डोंगराच्या दुसऱ्या अंगास दडलेलें लहानसें खेडें, युझु नांवाच्या सुगंधी लिंबांसाठीं नामांकित. तेथील बायका पूर्वीं दररोज पहांटे शिकिमी झाडाच्या डहाळ्यांचे भारे पाठीवर घेऊन हा डोंगर चढत आणि वाटेवरील एका छपरींत बसून त्या यात्रेकरूंना विकीत. शिकिमी हें आतागोचें पवित्र झाड. आपल्याकडील बेल-तुळशीच्या जागीं. घरीं नेलेली डहाळी चुलीवर ठेवावयाची, आणि रोज सकाळीं चूल पेटवितांना तिचें एक पान विस्तवांत टाकावयाचें, म्हणजे त्या दिवसापुरती आग आपल्या मर्यादेंत राहते.

आपल्या मसाल्यांत पडणारें चक्रीफूल सर्वांच्या ओळखीचें आहे. शिकिमी हें त्याचेंच जवळचें भावंड. फळाचा आकार तसाच तारकेसारखा. परंतु हें झाड विषारी आहे, आणि फसून मसाल्यांत पडल्यास जिवावर बेततें. घर राखण्यासाठीं चुलीपाशीं ठेवावयाची वनस्पति खाण्यास मात्र घातक, हा योगायोग असेल. पण अग्नीच्या देवास तो साजतो. मिझुओच्या बायकांचा तो रोजचा क्रम आतां राहिलेला नाहीं. शहरांत जेथें चूलच नाहीं तेथें पान टाकावयाचें कशांत? ‘फुलें विकण्याची जागा’ असें नांव असलेली ती छपरी वाटेवर उभी आहे. यात्रेकरू तेथें घाम पुसण्यास टेकतात.

छपरीच्या पुढें थोड्या अंतरावर एक काळा दरवाजा लागतो. तो शिंतो पद्धतीचा नाहीं, बौद्ध आहे. आणि त्याच्यापाशीं डोंगराचा अर्धा इतिहास सांगून होतो. परंपरेप्रमाणें या स्थानाची प्रथम प्रतिष्ठा आठव्या शतकाच्या आरंभीं झाली, आणि ७८१ सालीं वाके नो कियोमारो या राजपुरुषानें व केइशुन या भिक्षूनें मिळून तें नव्यानें उभारलें. तेव्हांपासून हजार वर्षांहून अधिक काळ येथें देव आणि बुद्ध एकत्र नांदले. हाकुउन्जी, म्हणजे श्वेतमेघ-विहार, असें येथील मठाचें नांव होतें. आतागोचा देव हा वस्तुतः जिझो बोधिसत्त्वाचा अवतार मानीत. जिझो म्हणजे संस्कृत ग्रंथांतील क्षितिगर्भ. येथें त्याचें रूप मात्र चिलखत घालून घोड्यावर बसलेल्या, युद्धांत जय देणाऱ्या वीराचें होतें. म्हणून सामुराई लोकांची त्याच्यावर मोठी भक्ति.

त्या भक्तीचा एक प्रसंग जपानांतील शाळकरी मुलांनाहि पाठ असतो. १५८२ च्या जून महिन्यांत अकेची मित्सुहिदे हा सरदार या डोंगरावर मुक्कामास आला. आपला धनी ओदा नोबुनागा याच्यावर उठावें कीं उठूं नये, या विचारानें तो ग्रासलेला असावा. त्यानें देवापुढें कौलाची चिठ्ठी काढली. एकदां काढून समाधान झालें नाहीं म्हणून दोन-तीन वेळां काढली अशी नोंद आहे. नंतर कविमंडळींबरोबर शृंखलाकाव्याची बैठकहि झाली. चार-पांच दिवसांनीं त्याच्या सैन्यानें क्योतोंतील होन्नोजी विहारास वेढा घातला. नोबुनागानें जळत्या इमारतींत आत्महत्या केली. अग्निरक्षक देवाच्या पायरीवरून उठलेला मनुष्य नगरांतील सर्वांत प्रसिद्ध आगीस कारण झाला. चिठ्ठ्यांत काय निघालें होतें, हें देवासच ठाऊक.

१८६८ मध्यें नव्या सरकारनें देव व बुद्ध यांची सक्तीनें फारकत केली. हाकुउन्जी मोडला, क्षितिगर्भाची मूर्ति डोंगरावरून उतरवून क्योतोच्या पश्चिमेस ओहारानो येथील कोन्झोजी विहारांत नेऊन ठेवली. काळा दरवाजा राहिला. तो ओलांडून लांब दगडी पायऱ्या चढल्या कीं शिखर येतें. तेथील मंदिर आकारानें फार भव्य नाहीं. पण लाकडावरील कोरीव काम निरखून पाहण्यासारखें आहे. त्यांत रानडुकराच्या आकृति आढळतात, कारण डुक्कर हें येथील देवाचें वाहन म्हणा, दूत म्हणा, मानलें आहे. चिनी पंचांगांत वराह हा जलतत्त्वाचा प्राणी. म्हणून वराहाच्या दिवशीं हिंवाळ्यांतील शेगड्या प्रथम पेटविल्या असतां वर्षभर आगीचें भय राहत नाहीं, असा समज आहे. खालीं नगराचीं घरें पसरलेलीं दिसतात, आणि वरून पाहतांना तीं किती खेटून बसलीं आहेत तें नीट कळतें.

यात्रेचा मुख्य दिवस ३१ जुलै. दिवस म्हणण्यापेक्षां रात्र म्हणावें. त्या रात्रीं डोंगर चढून १ ऑगस्टच्या पहांटेपर्यंत दर्शन घेतलें म्हणजे हजार दिवसांच्या यात्रेचें फळ मिळतें. हिशेब सोयीचा आहे खरा. परंतु जुलै महिन्यांतील क्योतोचा दमट उकाडा ज्याला ठाऊक आहे, तो हा सौदा स्वस्त पडला असें म्हणणार नाहीं. वाटभर दिवे लावलेले असतात. हजारों लोक चढत असतात, हजारों उतरत असतात. चढणारा उतरणाऱ्यास म्हणतो, ‘ओकुदारियास’, सांभाळून उतरा. उतरणारा चढणाऱ्यास म्हणतो, ‘ओनोबोरियास’, सांभाळून चढा. ओळख असो वा नसो, प्रत्येकास म्हणावयाचें. वारींत चालणारे अनोळखी लोक एकमेकांस ‘माउली’ म्हणतात, तशांतलीच ही रीत. महिन्याच्या वारीची कल्पनाहि येथें आहे : इसे येथील महामंदिरास जन्मांत सात वेळां जावें, कुमानोस तीन वेळां, पण आतागोला दर महिन्याला, असें जुने लोक म्हणत. इसेचा देव सम्राटाचा कुलदेव. तो दूर असला तरी चालतो. चुलीचा देव जवळ हवा.

तीन वर्षांच्या आंतील मूल त्या वाटेनें वर नेलें तर जन्मभर त्यास आगीपासून धोका नाहीं, अशीहि श्रद्धा आहे. म्हणून त्या रात्रीं पाठुंगळीस झोंपलेलीं बालकें घेऊन घामाघूम झालेले बाप पुष्कळ दिसतात. त्या मुलास पुढें या यात्रेंतलें कांहीं आठवणार नाहीं. बापास मात्र आठवेल, आणि घरांतील शेगडीजवळ मूल रांगत गेलें तर तो चटकन् उठेल. श्रद्धेचें फळ कोणत्या वाटेनें येतें याचा शोध घेणारानें हेंहि जमेस धरावें.

रात्रीं नऊ वाजतां वर एक विधि होतो. यामाबुशी, म्हणजे डोंगरांत तप करणारे पंथी, समिधा रचून अग्नि पेटवितात. या विधीचें नांव ‘गोमा’. हा शब्द ऐकतांच ज्याला ‘होम’ आठवेल त्याचें अगदीं बरोबर आहे. संस्कृत होमच बौद्ध तंत्रमार्गानें चीनमार्गें जपानांत गेला आणि तेथें गोमा झाला. फर्मान निघून दीड शतक लोटलें, क्षितिगर्भ डोंगर उतरून गेला. होम मात्र अद्यापि शिंतो देवाच्या अंगणांत पेटतो. पहांटे दोन वाजतां पुजाऱ्यांचा दुसरा विधि होतो आणि त्यांत आग शांत करण्याचा संस्कार केला जातो. आधीं पेटवावयाची, मग निवववायची.

बोगद्याची हकीकत सांगावयाची राहिली. १९२९ सालीं कियोताकीपर्यंत आगगाडी आणि तेथून डोंगरावर दोरखंडानें ओढली जाणारी गाडी सुरू झाली. वर उपाहारगृह, निवासगृह, बर्फावरून घसरण्याचें मैदान, मुलांचे खेळ, सर्व कांहीं थाटलें. पंधरा वर्षें लोक बसून देवाला गेले. १९४४ मध्यें युद्धासाठीं लोखंड हवें म्हणून ती गाडी बंद करून रूळ उखडून नेले. आगगाडीचा बोगदा मोटारींच्या उपयोगी पडला. वरच्या स्थानकाची पडकी इमारत झाडींत उभी आहे. गाडी पुनः सुरू झाली नाहीं, आणि यात्रा पूर्ववत् पायांवर आली.

क्योतोबाहेरच्या आतागोंपैकीं एकाची गोष्ट आकाशवाणीच्या श्रोत्यांना अगत्याची वाटेल. तोकुगावा इयेयासु यानें एदो, म्हणजे आजचें तोक्यो, येथें आपली सत्ता स्थापिली तेव्हां १६०३ सालीं नव्या नगरास आगीपासून राखण्यासाठीं अवघ्या २६ मीटर उंचीच्या एका टेकडीवर आतागो देवाची स्थापना केली. त्यानें एदो वांचलें नाहीं. १६५७ ची आग जपानच्या इतिहासांतील अत्यंत भीषण आगींपैकीं होय. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपांत एक लाखाहून अधिक माणसें मेलीं, तीं बहुतेक भूकंपामागोमाग उठलेल्या आगींत. तारा तुटल्या, वर्तमानपत्रें बंद पडलीं, अफवांनीं आणखी बळी घेतले. सर्वांना एकाच वेळीं खरी बातमी कळेल असें साधन हवें, ही निकड त्या वेळीं पटली. आणि १२ जुलै १९२५ पासून तोक्योच्या आकाशवाणीचे कार्यक्रम नियमितपणें सुरू झाले ते याच आतागो टेकडीवरून, केवळ ती उंच होती म्हणून. गस्तवाल्याच्या लाकडी तुकड्यांची जागा यंत्रानें घेतली असें म्हणावयास हरकत नाहीं. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत टेकडीवरील मंदिर जळालें. १९५८ मध्यें तें पुनः बांधलें.

अग्निरक्षक देवाचें घरच जळालें, तर मग त्याच्या कागदाची किंमत काय, असें कोणी विचारील. पण कागदांत काय लिहिलें होतें तें त्यानें पुनः वाचावें.

चूल गेली म्हणून विस्तव गेला असें होत नाहीं. नारा नगराजवळील होर्यूजी विहाराच्या सुवर्णमंडपांत सातव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचीं भित्तिचित्रें होतीं. त्यांतील बोधिसत्त्वांची तुलना आपल्या अजिंठ्याच्या पद्मपाणीशीं नेहमीं केली जाते. तीं जीर्ण होत चाललीं म्हणून त्यांच्या हुबेहूब नकला उतरून घेण्याचें काम चाललें असतां, २६ जानेवारी १९४९ रोजीं पहांटे मंडपास आग लागली आणि चित्रांचे रंग करपून गेले. कारणाविषयीं वाद झाले. चित्रकार थंडींत बसण्यासाठीं विजेनें तापणाऱ्या गाद्या वापरीत, त्यांवर मुख्य संशय होता. चित्रें जपण्यासाठीं आलेल्या माणसांच्या ऊबेनेंच तीं गेलीं असावींत, ही कल्पना असह्य आहे. दुसऱ्या वर्षीं जपाननें प्राचीन ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला, आणि १९५५ पासून दर २६ जानेवारीस देशांतील मंदिरांत व विहारांत पाण्याचे फवारे उडवून आग विझविण्याची कवाईत होते.

क्योतोच्या गल्ल्यांतून आणि भोंवतालच्या खेड्यांतून आतागोचीं मंडळें असतात. शेजारचीं घरें थोडी थोडी वर्गणी काढतात. पाळीनें किंवा चिठ्ठ्या टाकून एक-दोघांची निवड होते, आणि ते सर्वांच्या वतीनें डोंगर चढतात. मंदिराच्या कचेरींत ते आपल्या गल्लींतील घरांच्या संख्येइतके कागद मोजून घेतात, शिकिमीच्या डहाळ्या घेतात, मागील वर्षाचे धुरकटलेले कागद परत करतात, आणि गुडघे सांभाळीत, समोरून येणाऱ्या प्रत्येकास ‘ओनोबोरियास’ म्हणत उतरूं लागतात. संध्याकाळपर्यंत ते गल्लींत पोंचतात. मग दारोदार जाऊन एकेक कागद द्यावयाचा. कोणी लगेच स्टुलावर चढून तो भिंतीवर चिकटवितें. जुना निघाला त्या जागीं भिंतीचा मूळचा पांढरा रंग पट्टीएवढा उरलेला असतो, त्यावर नवा बरोबर बसतो.